न्यूट्रल बॅकग्राउंड

"और ये हैं हमारी डायवर्सिटी."

डायरेक्टर साहेबांनी माझ्याकडे हात केला. तळहात उघडा, बोटं जुळलेली. थोड्या वेळापूर्वी त्याच हातानं त्यांनी पाहुण्यांना नवीन एमआरआय मशीन दाखवलं होतं. मग गच्चीवरची सोलर पॅनल. आता मी.

पाहुणे दिल्लीचे. 'सर्वांना सामावून घेणारी संस्था' असा कुठलासा पुरस्कार होता, त्यासाठी हॉस्पिटल बघायला आलेले. त्यातल्या एका टायवाल्यानं चष्म्यावरून मला पाहिलं. हसून विचारलं, "अच्छा! कौन सी कैटेगरी?"

"एससी," साहेब म्हणाले. "और महिला भी. टू इन वन."

सगळे हसले. अगदी मोकळेपणानं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. तेच तर. मनात वाईट असतं तर निदान एकानं तरी नजर खाली घातली असती.

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला. मग परत उचलला. हातांना काहीतरी काम हवं होतं. वर्षभराच्या माझ्या कामाची मांडणी करून मी आले होते. कुणाशी काय बोलले, कुठे काय बदललं, कुठे डोकं आपटून परत आले. बोलायला सांगतील म्हणून सकाळपासून मनाशी उजळणी केली होती. कुणी विचारलं नाही. एमआरआय मशीनला कुणी विचारतं का, तुझं काय म्हणणं आहे?

निघताना फोटो झाला. मी मधोमध.

त्या हॉस्पिटलात मी समान संधी विभागाची प्रमुख आहे. विभाग म्हणजे मी एकटी. एक खोली, एक टेबल, दारावर इंग्रजीत लांबलचक पाटी. पाटी इतकी लांब की लोक पूर्ण वाचत नाहीत. हॉस्पिटल खाजगी, मोठं, सोबत नर्सिंग कॉलेज आणि मुलींचं हॉस्टेल. माझं काम असं की इथे कुणाला जातीवरून, धर्मावरून, बाई म्हणून, अपंग म्हणून कमी लेखलं जाऊ नये. हे काम मी शिक्षण संपल्यापासून करते आहे. दुसरं केलंच नाही. आधी संस्थांमध्ये, मग कंपन्यांमध्ये, मग इथे.

या कामाची एक गंमत सांगते. ट्रेनिंगला मी उभी राहते. समोर साहेब लोक बसलेले. बायकांबद्दल बोलले की माना हलतात. अपंगांबद्दल बोलले की चेहरे हळवे होतात. मग जातीची स्लाईड येते. आणि हॉलमध्ये खुर्च्या सरकायचा आवाज सुरू होतो. कुणाला फोन येतो. कुणाला चहा आठवतो. भोपाळजवळच्या मंडीदीपमधल्या एका कारखान्यात मॅनेजरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मैडम, बाकी सब बहुत बढ़िया है. बस ये वाली हटा दीजिए. माहौल खराब होता है."

मी हटवली नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी मला बोलावलं नाही. असं बऱ्याच ठिकाणी झालं.

माझे बाबा भंडारा जिल्ह्यातले. विजेची अवजड यंत्रं बनवणाऱ्या इथल्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि भोपाळचेच झाले. रिटायर झाल्यावर आनंद नगरात घर बांधलं. लहानसंच, पण स्वतःच्या देखरेखीखाली. विटा पाण्यात भिजवून घेतल्याशिवाय गवंड्याला हात लावू दिला नाही.

आईला भोपाळात एकच दुःख होतं. मराठी बोलायला कुणी नाही. भाजीवाल्याशी हिंदी, शेजारणीशी हिंदी. स्वप्नंसुद्धा हिंदीत पडायला लागली म्हणायची. तेव्हा आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहायचो, तिथे मराठी मंडळ होतं. संक्रांतीला त्यांचं हळदीकुंकू असायचं. आपण बौद्ध, आपल्यात हे नाही, हे आईला माहीत होतं. तरी ती एका वर्षी गेली. मला घेऊन गेली. मी तिसरीत असेन. "कुंकू नाही लावून घेणार मी," म्हणाली. "बसू थोडा वेळ. मराठी तरी ऐकू येईल."

दारात एका बाईंनी हसून या म्हटलं. गाव विचारलं. मग आडनाव. आईनं सांगितलं.

बाईंचं हसू गेलं नाही. जागच्या जागी राहिलं, पण आतून रिकामं झालं. मुलांना ते दिसतं. मला दिसलं.

वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे होते. बाकीच्या बायकांच्या हातात दिले. आईचा डबा त्यांनी तिच्या पायाशी फरशीवर ठेवला. "घ्या हं," म्हणाल्या.

आईनं तो उचलला नाही. माझं मनगट धरलं आणि उठली. रस्त्यात ती माझ्याशी हिंदीत बोलली. आयुष्यात पहिल्यांदा. "चल. जल्दी चल."

त्यानंतर आमची मराठी घराच्या चार भिंतींत राहिली. आई गेली तेव्हा ती निम्मी झाली. मी साकेत नगरात खोली घेऊन राहायला लागले तेव्हा माझ्यापुरती ती रविवारची भाषा झाली. रविवारी आनंद नगरला बाबांकडे जायचं, तेव्हा बोलायची.

म्हणून अनघाताईंनी पहिल्या दिवशी मला मराठीत हाक मारली तेव्हा मी विरघळले.

अनघाताई एचआरच्या प्रमुख. मूळ पुण्याच्या. नवरा सचिवालयात, घर तुळशी नगरच्या सरकारी बंगल्यात. माझं नाव वाचून थेट माझ्या खोलीत आल्या. "अगं, मराठी का तू? किती बरं वाटलं! मॅडम काय म्हणतेस, ताई म्हण."

मी ताई म्हणाले. दुपारी त्या मला डब्यातली थालीपीठं द्यायच्या. माझी मराठी ऐकून गालात हसायच्या. "तू 'माझ्याजवळून झालं नाही' म्हणतेस ना, ते मला फार आवडतं. गोड वाटतं." एकदा माझं आडनाव मनाशी घोळवून म्हणाल्या, "नागपूरकडचे म्हणजे... हो, तिकडे तुमचे खूप लोक आहेत." तुमचे. मी तो शब्द ऐकला आणि सोडून दिला. थालीपीठ गरम होतं. मराठी बोलणारं दुसरं कुणी त्या इमारतीत नव्हतं. एकटेपणात माणूस शब्द निवडून ऐकतो.

पाहुणे येऊन गेले त्याच आठवड्यात फुलवती माझ्याकडे आली.

फुलवती दिंडोरीकडची गोंड मुलगी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. दाराशी बराच वेळ उभी राहिली असावी, कारण मी दार उघडलं तर ती दचकली. आत आली, बसली नाही. ओढणीखालून एक स्टीलचं ताट काढलं आणि माझ्या टेबलावर पालथं घातलं.

ताटाच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता.

"ये हमारी प्लेटें हैं मैडम," ती म्हणाली. "मेस में अलग रखते हैं. हम लोग इसी में खाते हैं, हाथ धोने वाली जगह के पास."

हम लोग म्हणजे कोण, हे मला कळलं होतं. तरी विचारायलाच हवं होतं, कामाचा भाग होता. मग विचारलं. गोंड मुली, कोरकू मुली, आणि माझ्या समाजाच्या. मेसच्या इनचार्ज बाईंनी कारण दिलं होतं की या मुली मांसाहारी, म्हणून ताटं वेगळी.

"मैं तो अंडा भी नहीं खाती," फुलवती म्हणाली. रागानं नाही. जणू काही समजून घ्यायचा प्रयत्न करत होती. "और ऊपर वाले कमरे की दो लड़कियाँ चिकन मँगाकर खाती हैं. उनकी प्लेट में दाग नहीं है."

मी मेसमध्ये गेले. ताटं पाहिली. मुलींशी बोलले, इनचार्ज बाईंशी बोलले. मग डायरेक्टर साहेबांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटल्यासारखंही दिसलं. मग म्हणाले, "देखिए, अभी अवॉर्ड का टाइम है. आपकी फिल्म हो जाने दीजिए, फिर इसको देखते हैं."

माझी फिल्म. ते असं होतं की दिल्लीच्या लोकांनी एक छोटी फिल्म मागितली होती. हॉस्पिटलनं एखाद्याचं आयुष्य कसं बदललं ते दाखवणारी. साहेबांनी मला निवडलं. मी अनघाताईंना म्हटलं, "मी नाही करणार ताई. मला लाज वाटते असल्या गोष्टींची."

"अगं, लाज कसली? तुझ्या बाबांना किती अभिमान वाटेल. आणि हे बघ," त्या जवळ आल्या, "ते ताटांचं प्रकरण लवकर सुटायला हवंय ना तुला? मग साहेबांचं एवढं ऐक. मी आहे ना."

मी हो म्हटलं. फुलवतीसाठी म्हटलं. बाबांसाठीही म्हटलं असेल. बाबांना फोन केला तर त्यांनी सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "आपल्या घरी येतीन का थे लोक? अं? मग मी पेंट मारून घेतो गेटाले."

खरंच मारला. आम्ही पोचलो तेव्हा गेटाचा वास येत होता.

तिघं आले. फिल्म करणारा एक तरुण, त्याचा कॅमेरावाला, आणि अनघाताई. बाबा दारातच उभे होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कंपनीनं रिटायरमेंटला दिलेलं घड्याळ, केस तेल लावून चापून बसवलेले. हात जोडून म्हणाले, "या या. जय भीम." मग अनघाताईंकडे पाहून, "नमस्कार ताई. बसा. कूलर लावू का?"

तरुणानं बाबांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मला म्हणाला, "मैम, अंकल का ये शर्ट चेंज हो सकता है? कुछ सिंपल. घर का पहना हुआ."

"का?"

"थोड़ा रियल लगेगा."

बाबांना वाटलं शर्टावर डाग आहे. त्यांनी वाकून पाहिलं. डाग नव्हता. तरी आत जाऊन बदलून आले. जुना, कॉलर झिजलेला. बागेत पाणी घालताना घालतात तो. तरुण म्हणाला, "परफेक्ट. घड़ी भी उतार दीजिए." बाबांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं.

"अब अंकल, आँगन में एक शॉट लेंगे. आप झाड़ू लगा रहे हैं, और मैडम ऑफिस के लिए निकल रही हैं."

बाबांना समजेना. "झाड़ू? मैं लगा दूँगा बेटा, पर सुबह लग गया आज का."

"नहीं, वो... आप सफाई में थे न? स्क्रिप्ट में है. सफाई कर्मचारी की बेटी."

माझ्या बाबांचा आवाज कधी चढत नाही. तेव्हाही चढला नाही. "नहीं बेटा. फिटर था. टर्बाइन में."

तरुणानं अनघाताईंकडे पाहिलं. अनघाताईंनी माझ्याकडे. त्यांचा चेहरा गोंधळलेला होता. खरोखर गोंधळलेला. "अगं, मला वाटलं..." एवढंच म्हणाल्या.

त्यांना वाटलं. वर्षानुवर्षं माझ्यासोबत डबा खाल्ला. माझे बाबा काय करायचे हे कधी विचारलं नाही. विचारायची गरज वाटली नाही, आडनावावरून भागलं. सफाई करणं ही लाजेची गोष्ट नाही. माझी आजी गावात रस्ते झाडायची, ते आमच्या घरात कुणी लपवत नाही. पण माझ्या बाबांचे हात ज्या लोखंडावर घासले गेले, ते लोखंड या लोकांनी पुसून टाकलं होतं. न विचारता. चांगल्या हेतूनं.

पण फुलवतीची ताटं डोळ्यापुढे होती. म्हटलं, होऊन जाऊ दे.

बाबांना खुर्चीत बसवलं. मला बाजूला वेताच्या मोढ्यावर. कॅमेरावाला वाकला, डोळा लावला, मग मान वर करून तरुणाला काहीतरी म्हणाला. तरुण भिंतीकडे बघायला लागला.

बाबांच्या डोक्यामागे भिंतीवर तो फोटो आहे. निळ्या कोटातला. आमच्या प्रत्येक घरात असतो, त्याबद्दल मी काय सांगू. बाबांनी भोपाळला पहिल्या पगारात घेतलेला. क्वार्टरमधून या घरात आणताना सामान ट्रकमध्ये गेलं आणि फोटो बाबांच्या मांडीवर, सायकल रिक्षात. दरवर्षी घराला रंग देताना बाबा तो काढत नाहीत. वर्तमानपत्र चिकटवतात आणि भोवतीनं रंग देतात.

"मैम, वो पीछे वाला फोटो," तरुण म्हणाला. "थोड़ा पॉलिटिकल हो जाएगा. न्यूट्रल बैकग्राउंड चाहिए."

मी काही बोलायच्या आत अनघाताई उठल्या. गोड आवाजात बाबांना म्हणाल्या, "काका, अगदी दहा मिनिटं हं. मग परत लावू आपण. मी स्वतः लावीन. तुमच्या लेकीचंच चांगलं होणार आहे यात."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

मला वाटलं ते नाही म्हणतील. मला खात्री होती. कारखान्यात पाण्याच्या माठावरून भांडणारे माझे बाबा. सुपरवायझरनं जातीवरून एक शब्द काढला म्हणून बढती लाथाडणारे माझे बाबा. मी वाट पाहत राहिले.

बाबा उठले. कोपऱ्यातला स्टूल ओढला. "हाव, काढतो नं," म्हणाले. "पोरीच्या नोकरीचं काम हाय."

स्टुलावर चढताना त्यांचा गुडघा कुरकुरला. दोन्ही हात वर करून त्यांनी चौकट धरली. थोडी उचलली. मागची भिंत दिसली. तिथे जुना हिरवा रंग होता, आम्ही या घरात आलो तेव्हाचा.

तेव्हा मला कळलं. जगात कुणासाठी न उतरलेला फोटो माझ्या पगारासाठी उतरत होता. मी अपमान सोसते ते माझ्यापुरतं आहे असं मला वाटत आलं होतं. नव्हतं. मी खाली घातलेली मान बाबांच्या हातात पोचली होती.

"बाबा, उतरा खाली."

"काहून? दहा मिनिटाची तं गोष्ट हाय."

"उतरा."

मी जाऊन चौकट सरळ केली. बाबांच्या कोपराला धरून त्यांना उतरवलं. मग कॅमेऱ्याच्या पुढे हात धरला. "बंद कीजिए इसको. फिल्म नहीं होगी."

"मैम, शेड्यूल..."

"नहीं होगी."

अनघाताईंचा आवाज पहिल्यांदा कोरडा झाला. "काय चाललंय हे? एका फोटोवरून? तू या कामात आहेस, तुला कळायला हवं. इतकं सेन्सिटिव्ह होऊन कसं चालेल?"

"सेन्सिटिव्ह असण्याचाच पगार देता तुम्ही मला," मी म्हटलं. "मॅडम."

तो शब्द त्यांना लागला. मला दिसलं. त्यांनी पर्स उचलली.

बाबा स्वयंपाकघरातून ट्रे घेऊन आले. चहा झाला होता, बिस्किटं होती. "चहा तं घेऊन जा," म्हणाले. अनघाताई आणि तो तरुण गेटाबाहेर गेले होते. कॅमेरावाला मागे वायर गुंडाळत होता. तो थांबला, उभ्याउभ्या चहा प्यायला, कप ट्रेमध्ये ठेवला. "माफ करना अंकल," म्हणाला आणि गेला.

मला वाटलं बाबा आता माझ्या पाठीवर हात ठेवतील.

बाबा चिडले. "तुले काय गरज होती? फोटो उतरला असता तं काय बिघडलं असतं? त्या मानसानंच तं सांगितलं ना शिका म्हणून, नोकऱ्या करा म्हणून? आता नोकरी गेली तं? मी राहिलो असा. तुले लग्न नाही, पोर नाही. कोणाच्या भरवशावर राहशीन?"

बाबा अंगणात जाऊन बसले. तोच झिजलेला शर्ट अंगावर. मी कप धुतले, गॅस पुसला, निघाले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. बस येईपर्यंत मी रायसेन रोडवर उभी होते आणि मला वाटत होतं की या शहरात माझ्या बाजूनं एकही माणूस नाही. ज्यांच्यासाठी भांडले तेसुद्धा नाहीत. पुस्तकात लिहितात, बंड केलं की छाती भरून येते. माझी नाही आली. मला फक्त घरी जाऊन झोपायचं होतं.

फिल्म झाली. माझ्याशिवाय झाली.

पुरस्काराच्या दिवशी हॉस्पिटलच्या सभागृहात दाखवली. मला आमंत्रण होतं, नसतं दिलं तर वाईट दिसलं असतं. मी शेवटच्या रांगेत बसले. दिवे गेले. पडद्यावर फुलवती आली.

पांढरा गणवेश, केसात फूल. मागे स्वच्छ पांढरी भिंत. "यहाँ आकर मुझे कभी नहीं लगा कि मैं अलग हूँ," ती म्हणत होती. "ये मेरा घर है." मग मेस. मुली एकत्र जेवताहेत, हसताहेत. ताटं वरून दिसत होती. ताटाचं बूड कॅमेऱ्यात येत नाही.

टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी ती आली. या वेळी बसली. बोटांनी ओढणीचं टोक गुंडाळत राहिली. "मैडम, पास होते ही यहीं नौकरी देंगे बोले हैं. घर में मैं ही हूँ कमाने वाली."

"अच्छा है," मी म्हटलं.

"मैंने शिकायत वापस ले ली. आप मेरा नाम मत लेना."

"नहीं लूँगी."

"आप गुस्सा हैं?"

मी नव्हते. कशी असणार? तिला जे हवं होतं ते मी देऊ शकले नव्हते. त्यांनी दिलं. माझ्याकडे फक्त न्याय होता, आणि तोही कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. मी तिला पाणी दिलं. ती प्यायली. ओढणी सारखी केली आणि गेली.

त्यानंतर माझी खोली बदलली. तळमजल्यावर, लॉन्ड्रीच्या शेजारी. भिंतीतून मशीनची घरघर येते. मीटिंगांची बोलावणी बंद झाली. कॅन्टीनमध्ये मी बसले की टेबल रिकामं होतं. कुणी वाईट बोलत नाही. सगळे हसून नमस्कार करतात आणि आपापला ट्रे उचलतात. अनघाताई लिफ्टमध्ये भेटतात तेव्हा माझ्याशी हिंदीत बोलतात. "कैसी हैं आप?" ते फार लागलं. खोली गेली त्यापेक्षा जास्त लागलं. मी परत आठवड्याची मराठी रविवारवर टाकली. आणि रविवारी बाबाही तुटक बोलायचे. टीव्ही चालू ठेवायचे.

मग साहेबांनी बोलावलं. अनघाताई शेजारी बसलेल्या.

"आप थक गई हैं," साहेब म्हणाले. "कुछ दिन आराम कीजिए. हम आपको सलाहकार बना देंगे. घर से काम. सम्मान के साथ."

"और प्लेटें?"

"कौन सी प्लेटें? कोई शिकायत ही नहीं है."

अनघाताई मराठीत बोलल्या. बऱ्याच दिवसांनी. "समजून घे. तक्रार करणारीच नाही, तर तू कुणासाठी भांडतेयस? इथे कुणाला तू नको आहेस असं नाही. पण सगळ्यांना जरा शांतता हवी आहे."

मी त्या खुर्चीत बसून होते आणि मला एकदम लख्ख दिसलं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या वतीनं बोलत आले. फुलवतीच्या वतीनं, सफाईच्या बायकांच्या वतीनं, कुणाकुणाच्या वतीनं. नियम, कलम, उदाहरण. जातीची स्लाईड दाखवताना मीसुद्धा 'काही समाजघटक' म्हणायचे. माझी जात दुसऱ्यांनी सांगितली, हसत, पाहुण्यांना. मी स्वतःच्या तोंडानं कधी म्हटलं नव्हतं की हा घाव मला बसतो आहे. माझ्या ताटाखाली ठिपका आहे.

"शिकायत है," मी म्हटलं. "मेरी."

"आप मेस में खाती कहाँ हैं?"

"आज से खाऊँगी."

उठले आणि सरळ हॉस्टेलच्या मेसमध्ये गेले. दुपारची पंगत चालू होती. ताटांचे दोन ढीग. मी बाजूच्या ढिगातलं वरचं ताट उचललं, उलटून पाहिलं. ठिपका होता. इनचार्ज बाई धावत आल्या. "मैडम, ये नहीं, आपके लिए अंदर से निकालती हूँ."

"मेरी जात की प्लेट यही है," मी म्हटलं. मोठ्यानं. सगळ्या मेसला ऐकू जाईल असं. "दाल दीजिए."

चमचे थांबले. इनचार्ज बाईंच्या हातून डाळ सांडली. मी बेसिनजवळच्या बाकावर बसले आणि जेवले. डाळीत मीठ कमी होतं. कुणी माझ्या शेजारी आलं नाही. फुलवती समोरच्या रांगेत होती, तिनं मान वर केली नाही. मी तिच्याकडे बघितलंही नाही, तिला त्रास होऊ नये म्हणून.

त्या संध्याकाळी मी बाहेर, सरकारी आयोगाकडे तक्रार दिली. माझ्या नावानं. जिनं त्या ताटात जेवण केलं तिच्या नावानं. साहेबांचा फोन आला, मग वकिलाचा. मग बाबांचा. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. मागे टीव्ही चालू होता, तो त्यांनी बंद केला. मग म्हणाले, "जेवण कसं असते तिथलं?"

"बेचव."

"मग लोणचं नेत जाय," ते म्हणाले आणि फोन ठेवला. ते माझ्या बाजूला आले असं मी म्हणत नाही. त्यांची काळजी गेली नाही, रागही पूर्ण गेला नाही. अजूनही विचारतात, नोकरी गेली तं काय करशीन.

तक्रारीचं काय होईल मला माहीत नाही. तारखा पडतील. साक्षीदार मिळणार नाहीत. ठिपके एखाद्या दिवशी थिनरनं पुसतील आणि म्हणतील, कुठे काय आहे? मग दुसरी खूण शोधतील. हे सगळं मला ठाऊक आहे. माझं कामच ते आहे.

मी रोज दुपारी मेसमध्ये जाते. एकटी जेवते. मुली माझ्याकडे चोरून पाहतात, काही कंटाळून, काही चिडून. त्यांना वाटतं मी त्यांचं काहीतरी बिघडवणार. बिघडवणारच आहे. हे असं सुरळीत चाललेलं मला बिघडवायचंच आहे.

मी राजीनामा देणार नाही. सलाहकार होणार नाही. आजारी पडणार नाही. मला काढायचं असेल तर काढा. पण कारण सांगून काढा. जातीचं नाव तोंडानं उच्चारून, चार लोकांसमोर, दिवसाउजेडी काढा. सन्मानानं, गुपचूप, मागच्या दारानं मी जाणार नाही.